चिनी पत्रक वाचायचं: कॅमेरा थेट धरून की फोटो काढून?

पॉवर विडर, ग्रास कटर स्वस्तात मिळतो, पण खोक्यातलं पत्रक कधीकधी नुसतं चिनीत निघतं. भाषांतराचं अ‍ॅप सगळ्यांकडे आहेच. प्रश्न ते वापरायचं कसं, एवढाच.

कॅमेरा थेट धरण्याची सोय मोठी. गूगल ट्रान्सलेटमध्ये सरलीकृत चिनी आणि मराठी या दोन्ही भाषा गावातच उतरवून ठेवल्या की वावरात रेंज नसली तरी काम भागतं. बटण, टाकीवरचा स्टिकर, चालू-बंदची खूण यांसाठी हेच बरं.

पण तक्ता आला की ही पद्धत बेजार करते. हात जरा हलला की शब्द बदलतात, भाषांतर मूळ मजकुरावरच चिकटून बसतं आणि शेजारच्या ओळी एकमेकींत घुसतात. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात हेच महागात पडतं. 25:1 म्हणजे लिटरभर पेट्रोलला 40 मिली ऑइल, 50:1 म्हणजे 20 मिली. नव्या इंजिनाला एक प्रमाण आणि नंतर दुसरं असं लिहिलेलं असेल, तर कोणता आकडा कोणत्या ओळीचा हे पडद्यावर नक्की सांगता येत नाही. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम. जास्त झालं तर धूर आणि काळा प्लग.

म्हणून माझा कल फोटोकडे. पत्रक सावलीत सपाट पसरा. फ्लॅश नको, गुळगुळीत कागद चमकतो. फोन कागदाला समांतर धरा, एका फोटोत एकच रकाना घ्या. घरी आल्यावर गूगल लेन्सने (फोटोतली अक्षरं ओळखणारं अ‍ॅप) मजकूर कॉपी करून ट्रान्सलेटमध्ये एकेक ओळ टाका. आकडे मात्र मूळ फोटोतूनच घ्या, ते बहुधा 1, 2, 3 असेच छापलेले असतात. इंग्रजी भाषांतरही ताडून पाहा: एकीकडे ‘करा’ आणि दुसरीकडे ‘करू नका’ आलं, तर ती ओळ मिस्त्रीला दाखवल्याशिवाय मशीन सुरू करू नये. यात वेळ जातो, नेटही लागतं, हे मान्य. ज्याला फक्त चोक कुठे आहे एवढंच बघायचं, त्याने इतका खटाटोप कशाला करावा?

फवारणीच्या औषधाच्या बाटलीला मात्र दोन्ही पद्धती लावू नका. आपल्याकडे नोंदणी झालेल्या कीटकनाशकासोबत हिंदी-इंग्रजी पत्रक असावंच लागतं. नुसतं परक्या लिपीतलं लेबल असेल तर बाटली दुकानदाराला परत करा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेलेत. तिथे अंदाजाने डोस ठरवणं परवडत नाही.