गाड्यांच्या लिफ्टचा सल्लागार आणि सीजीएल विमा: एक पावसाळा, एक क्लेम

मी गॅरेजवाल्यांना गाड्या उचलायच्या लिफ्टबद्दल सल्ला देतो. टू पोस्ट (दोन खांबांची) घ्यावी की सिझर (कात्रीसारखी उघडणारी), खालची जमीन वजन पेलेल का, जुन्या लिफ्टच्या केबल आणि लॉक अजून भरवशाचे आहेत का, हे बघायचं आणि सहीनिशी अहवाल द्यायचा. लिफ्ट विकत नाही, बसवतही नाही. घर डिचोलीत, काम पेडण्यापासून मडगावपर्यंत. वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका डीलरच्या वर्कशॉपने 'आधी लायबिलिटीचं सर्टिफिकेट, मग गेटपास' असं सांगितलं, म्हणून कमर्शियल जनरल लायबिलिटी, म्हणजे सीजीएल पॉलिसी घेतली. आपल्या कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारी. पावसाळा तोंडावर होता तेव्हा घेतली. आता नूतनीकरण आलंय आणि मधे एक क्लेमही होऊन गेलाय.

एजंटने आधी 'पब्लिक लायबिलिटी' पुढे केली होती, हप्ता कमी म्हणून. ती माझ्या कामाची नाही. एक प्रकार भोपाळनंतर आलेल्या १९९१ च्या कायद्याखालचा, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. दुसरा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यापुरता. माझा धोका माझ्या पत्त्यावर नाहीच, तो दुसऱ्याच्या गॅरेजात आहे. सीजीएल बाहेरच्या कामालाही लागू होते. मर्यादा एका घटनेला ५० लाख, वर्षाला १ कोटी, कोर्टकचेरीचा खर्च त्यातच धरलेला. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी.

पॉलिसीचा पहिला मसुदा आला त्यात व्यवसाय लिहिला होता 'गॅरेज उपकरणांची विक्री व बसवणूक'. एजंट म्हणाला, 'चालतं हो, सगळ्यांचं असंच असतं.' चालत नाही. क्लेमच्या वेळी कंपनी सगळ्यात आधी तीच ओळ वाचते. 'लिफ्टची पाहणी, जागेची चाचणी व सल्ला' असं बदलून घ्यायला बरेच मेल झाले, पण बदलून घेतलं.

आता क्लेम. फोंड्याच्या एका गॅरेजमध्ये टू पोस्ट लिफ्ट बसवायची होती. चार टनांची लिफ्ट असली की तेवढं वजन दोन खांबांच्या बुडाशी येतं, आणि गाडी वर गेली की खांब आतल्या बाजूला ओढले जातात. तो ओढा झेलायचा अँकर बोल्टनी आणि बोल्ट धरायचे काँक्रीटने. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजांत वर गुळगुळीत कोबा असतो आणि खाली चिऱ्याचे तुकडे आणि माती. म्हणून काँक्रीट खरंच किती जाड आहे ते ड्रिल मारून बघितल्याशिवाय मी अहवाल देत नाही. मालकाला विचारलं, खालून काही गेलंय का? म्हणाला, काही नाही. दुसऱ्याच भोकात पाण्याची पाइप फुटली. पाणी भिंतीखालून शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलं. तिथे जमिनीवर एअर फिल्टरचे खोके रचलेले. खालचा थर भिजून पुठ्ठा लगद्यासारखा सुटत होता आणि वरचे खोके एकेक करून तिरके होत होते.

दुकानदार तोंडओळखीचा. अशा वेळी आपल्याकडे माणूस काय बोलतो? 'बाब, किती झालं सांगा, देऊन टाकतो.' नेमकं तेच बोलायचं नसतं. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, अशी अट पॉलिसीत असते आणि ती मोडली तर क्लेम नाकारायला निमित्त मिळतं. मी म्हटलं, 'विमा आहे, आधी फोटो काढू, आजच कळवतो.' त्याला ते कोरडं वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं. मला स्वतःलाही ते बरं वाटलं नाही.

त्यात चवथ आली. कंपनीतर्फे नुकसान मोजणारा सर्व्हेयर फिरकला तो सणानंतर. दुकानदाराकडून माझ्या नावे लेखी मागणी, खरेदीची बिलं आणि स्टॉकची वही मागितली. अर्धा माल कच्च्या बिलावरचा. तो सरळ वगळला. ज्या खोक्यांचा पुठ्ठाच भिजला होता आणि आतला फिल्टर कोरडा होता, त्यांची विक्रीयोग्य किंमत वजा केली. उरलेली रक्कम कंपनीने दिली, त्यातला एक्सेसचा भाग, म्हणजे पॉलिसीप्रमाणे स्वतः भरायचा वाटा, माझ्या खिशातून गेला. पैसे आले, पण दुकानदार अजून पूर्वीसारखा हसत नाही. फुटलेली पाइप आणि कोबा मात्र मिळाला नाही: ज्या भागावर काम चालू होतं तोच भाग बिघडला तर सीजीएल देत नाही. प्लंबरचे पैसे मीच दिले.

या धंद्यातल्यांनी नीट बघावं असं पुढे आहे. मी तपासतोय तेव्हा लिफ्टवर असलेली गाडी माझ्या ताब्यातली वस्तू धरली जाते आणि ती सीजीएलमधून वगळलेली आहे. म्हणून मी आता गाडी लिफ्टवर गॅरेजच्याच माणसाला चढवायला लावतो आणि तसं अहवालात लिहितो. तेवढ्याने वाद मिटेलच असं नाही. मदतनिसाला इजा झाली तर तीही यात नाही, त्याला कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी लागते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चुकीचा सल्ला. मी 'जमीन ठीक आहे' लिहिलं आणि दोन वर्षांनी बोल्ट उपटून गाडी कोसळली, तर सीजीएल हात वर करते, कारण व्यावसायिक सल्ला तिच्यात बसत नाही. त्याला प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे पीआय पॉलिसी हवी. सल्लागाराचं खरं जोखमीचं हत्यार ड्रिल नाही, सही आहे. तरी गेटपाससाठी सगळे सीजीएलच मागतात.

मी पीआय दोन महिन्यांनी जोडली. ती क्लेम्स-मेड आहे: दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी आणि काम रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतरचं, म्हणजे पॉलिसी ज्या तारखेपासूनचं काम धरते तिच्या पुढचं, हवं. एक वर्ष खंड पडला की जुने सगळे अहवाल उघडे पडतात. कळंगूट, बागा पट्ट्यात खारी हवा केबलला वर्षभरात गंज चढवते, तिथले अहवाल तर मला आधी आठवतात.

या सीजीएलला माझे गुण पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण सर्व्हेयरच्या उशिराचा कापला, एक गुण एजंटचा. विकताना बोलला तेवढं क्लेमच्या वेळी बोलला असता तर. कंपनीशी वाद झालाच तर एकल मालकीच्या धंद्याला विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते कार्यालय देऊ शकतं. मला वेळ आली नाही.

नूतनीकरणात पीआयची मर्यादा वाढवतोय, सीजीएलची तेवढीच ठेवतोय. दुसऱ्या कंपनीचा हप्ता स्वस्त आहे, पण जुनी रेट्रो तारीख धरणार का, ते लेखी मागितलंय. तीनदा फोनवर 'हो' म्हणालेत, मेल अजून आलेला नाही.