आठ महिने वापरल्यानंतर: ऑस्ट्रेलियातली जमीनहक्क आणि बोलींची दफ्तरं

मी मुंबईत राहते. रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या एका वारली पाड्यात वनहक्क दाव्यांसाठी म्हाताऱ्या माणसांचे जबाब उतरवून घेते. २००८ च्या नियमांनुसार ज्येष्ठांचा लेखी उतरवलेला जबाब हा पुरावा धरतात. अडचण अशी, की आजी ज्या ओहोळाला आणि कातळाला नावानं ओळखते, ते आमच्या शुद्ध मराठी कागदावर नुसते 'नाला' आणि 'खडक' होतात. नाव गेलं की वहिवाटीची खूणही जाते. दुसरीकडे हे कसं सांभाळतात ते बघायला मी आठ महिन्यांपूर्वी ऑस्ट्रेलियाकडे वळले.

सुरुवात नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ रहिवाशांचे जमिनीवरचे पारंपरिक हक्क, यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ट्रायब्युनलच्या नोंदवह्यांपासून केली. निकाल लागलेले हक्क, चालू दावे आणि जमीनवापराचे करार, सगळं नकाशासकट घरबसल्या बघता येतं, पैसे लागत नाहीत. तिथल्या सर्वात वरच्या न्यायालयाच्या ३ जून १९९२ च्या माबो निकालानं 'ही जमीन कुणाचीच नव्हती' हे गृहीतक मोडलं आणि १९९३ मध्ये नेटिव्ह टायटल कायदा आला. ज्यांच्या नावानं हा निकाल ओळखतात ते दावेदार, मेर बेटावरचे एडी माबो, निकालाच्या साडेचारच महिने आधी वारले. हे वाचून मी त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही. आपल्याकडे एका कचेरीत दाव्याची प्रत बघायला मी तीन हेलपाटे घातलेत, म्हणून ही मोकळीक मला फार मोलाची वाटते.

बोलींसाठी ऑस्टलँग, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांची ऑनलाइन सूची. एकाच भाषेची स्पेलिंग पाच-पाच असतात, तिथे प्रत्येक भाषेला ठरलेला संकेतांक दिलाय, त्यामुळे शोध हुकत नाही. वारली, वारळी, वरली लिहिणाऱ्या आपल्याला हे पटकन पटेल. भाषा आणि जमीन यांच्या संस्था मात्र वेगळ्या, सांधा आपणच जुळवायचा. मी एक्सेलमध्ये जुळवते.

तिसरं पॅराडिसेक, हा डिजिटल संग्रह. त्यात मुख्यतः पॅसिफिक आणि आसपासच्या भाषांची ध्वनिमुद्रणं आहेत. नावनोंदणी करून अटी मान्य कराव्या लागतात. ध्वनिमुद्रण कुणी, कुठे, कोणत्या भाषेत केलं हे मात्र सगळ्यांना दिसतं. काही ध्वनिफिती बंद असतात. सुरुवातीला मी चिडले, संशोधकाला कशाला अडवायचं? पुढे कळलं, की आदिवासी समाजांच्या काही विधींची, काही दिवंगतांच्या आवाजाची मोकळीक त्या समाजाच्या परवानगीवर असते. फीत बंद असली तरी ती आहे हे कळतं आणि विचारायचं कुणाला हेही. माझ्या मते संशोधकाला खरी गरज याचीच असते.

आमच्या जबाबाच्या फॉर्ममध्ये आता तीन रकाने वाढलेत: जागेचं वारलीतलं नाव बोलल्याप्रमाणे, सांगणाऱ्याचं नाव, आणि हे कुणी ऐकावं. गेल्या महिन्यात लग्न लावणाऱ्या एका धवलेरी आजींनी गाणं म्हटलं आणि म्हणाल्या, "हे पाड्याबाहेर नको." तिसऱ्या रकान्यात तेवढंच लिहिलंय.