रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी एक्झॉस्ट पंखे की फ्यूम हूड?

विदर्भातील खेड्यात शाळेची प्रयोगशाळा बांधताना भिंतीत दोन एक्झॉस्ट पंखे बसवून भागवावे की फ्यूम हूडचा, म्हणजे वायू नळीवाटे बाहेर ओढणाऱ्या, पुढे सरकती काच असलेल्या कपाटाचा खर्च करावा, हा प्रश्न ठरलेलाच असतो. पंखा खोलीत पसरलेला वायू विरळ करतो. हूड तो पसरण्याआधीच ओढून घेतो. ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीतील हवा तासाला ६ वेळा बदलायची, तर पंख्यांना सुमारे ९७० घनमीटर हवा बाहेर टाकावी लागते. एक मीटर रुंद हूडची काच ४० सेंटीमीटर उघडी ठेवून तोंडाशी सेकंदाला अर्धा मीटर वेग राखायचा, तर तासाला ७२० घनमीटर पुरते.

दहावीपर्यंतच्या प्रयोगांना पंखे पुरेसे आहेत. मात्र उघडी खिडकी समोरच्या भिंतीत हवी. ती पंख्याशेजारी असली, तर बाहेरचीच हवा आत येऊन परत जाते आणि टेबलावरचा धूर जागचा हलत नाही.

अकरावी-बारावीच्या क्षार विश्लेषणाला माझ्या मते हूडच हवा. आमच्याकडे एकदा हायड्रोजन सल्फाइड तयार करणाऱ्या किपच्या उपकरणाची तोटी नीट बंद झाली नाही, तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या ताई पदराने नाक झाकून, "सर, अंडी नासली का?" असे विचारत आल्या, आत उभ्या असलेल्या आम्हाला मात्र वास येईनासा झाला होता. हा वायू नाकाला असेच बधिर करतो. तांब्यावर तीव्र नायट्रिक आम्ल टाकल्यावर निघणाऱ्या तपकिरी वायूचा फुप्फुसांवरील परिणाम तर काही तासांनीही दिसू शकतो.

कार्बनच्या गाळणीचा, नळीविना हूड मी सुचवणार नाही, कारण एकच गाळणी सर्व वायू धरत नाही आणि ती केव्हा भरली हे डोळ्यांना कळत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर आलाच. पंख्यांसमोरच्या खिडकीत तो सोयीचा ठरतो. हूडच्या तोंडावर त्याचा झोत आला, तर आतला वायू बाहेर खेचला जातो. वीज गेली की दोन्ही सोयी बंद पडतात, म्हणून भारनियमनाच्या वेळेत असे प्रयोग ठेवू नयेत.

हूड घेतल्यास नळी पीव्हीसीची असावी, कारण आम्लाच्या वाफांनी पत्रा गंजतो. पंखा नळीच्या छतावरील टोकाला बसवावा, म्हणजे नळीला चीर पडली तरी वायू वर्गात न येता खोलीतलीच हवा नळीत शिरते. पैसे चुकते करण्यापूर्वी हूडच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरून ती सर्व कोपऱ्यांत आत ओढली जाते का, ते पाहावे.