शिसं, प्लास्टिक, रेझिन: एका पावसाळ्यानंतर युद्धखेळाचे सैनिक

टेबलावर खेळायच्या युद्धखेळाचे हे चिमुकले सैनिक. कोल्हापूरच्या दमट हवेत पावसाळाभर मऊ प्लास्टिक, धातू, कडक प्लास्टिक आणि रेझिन असे चारही प्रकार खेळात होते. आधी निकाल: खेळायला कडक प्लास्टिक, हाताला धातू, हौसेला रेझिन.

१:७२ मापाचे (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाचे) मऊ प्लास्टिकचे सैनिक (एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५९ पासून रुळवलेला प्रकार) स्वस्त पडतात. पण या पॉलिथिनवर रंग धरत नाही. भाला वाकला की पापुद्रा निघालाच. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, निम्मं पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा हात द्या, मग अ‍ॅक्रिलिक. वर वार्निश हवंच, नाहीतर दमट हवेत थर चिकट होतो.

धातूत मिनिफिग्ज, हिंचलिफ या जुन्या ब्रिटिश कंपन्यांच्या जमान्यातले २५ मिमी उंचीचे आणि आताचे २८ मिमीचे सैनिक एका रांगेत लावू नका. बापलेक उभे केल्यासारखे दिसतात. ओतकाम मात्र तेच: रबराचा गोल साचा गरगर फिरतो, मधोमध ओतलेला धातूचा रस कडेला फेकला जातो. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ) कुठे येणार, हे कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत वावरणाऱ्याला सांगावं लागत नाही. ती कानशीने घासा. जुन्या मिश्रधातूत शिसं असतं, म्हणून कीस ओल्या फडक्याने टिपून हात धुवा. घोड्याचा वाकलेला पाय एकदा सरळ होतो. पुन्हापुन्हा केलात तर तुटतो. नव्या प्लायच्या बंद कपाटात हे ठेवूच नका: लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ आणि ओल मिळून शिशावर पांढरी भुकटी धरते, रंगाखालून पोखरत जाते. स्टीलचा डबा बरा.

२८ मिमीचं कडक प्लास्टिक २००० नंतरच्या दशकात फोफावलं. त्याचा गोंद, पॉलिस्टायरिन सिमेंट, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. सुपरग्लूचा सांधा टेबलावरून पडला की उडतो. धड, हात, डोकं, पडशी सगळं सुटं. पूर्वी ओतणाऱ्याकडे असलेलं काम आता घेणाऱ्याच्या गळ्यात आलंय, हे किमतीत धरा.

रेझिन-प्रिंटमध्ये (द्रव रेझिनमधून थ्रीडी प्रिंटरने काढलेल्या सैनिकांत) पागोटं, ढाल, धोप फाइलमध्येच बदलता येतात, म्हणून मराठा फौजेला मोह होतोच. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवा, सपोर्ट (प्रिंटचे आधाराचे खांब) काढा, मग कडक व्हायला यूव्ही प्रकाश. यूव्ही जास्त झालं की ठिसूळपणा वाढतो. भाले तर जागेवर तारेचेच बसवा. हातमोजे विसरू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे प्राइमर खरखरीत बसतो, ब्रशने लावा. मॅट वार्निश पांढुरकं पडलं असेल तर कोरड्या दिवशी ग्लॉसचा एक हात द्या, बहुतेकदा रंग परत दिसतो. त्यावर मॅट मात्र दसऱ्यानंतरच.