पुढच्या दातांच्या नव्या कॅप: वर्षभराच्या वापरानंतर

वरच्या मधल्या दोन दातांवर माझ्या मेटल-सिरॅमिकच्या जुन्या कॅप होत्या. तुटल्या नव्हत्या, पण हिरडी वर सरकली आणि धातूची कड करड्या रेघेसारखी दिसायला लागली. नव्या बसवून आता वर्ष होत आलंय.

सुरुवातीला ई-मॅक्सच घ्यायचं ठरलं होतं. ई-मॅक्स म्हणजे लिथियम डायसिलिकेट, काचेच्या जातीचं सिरॅमिक. उजेड आत शिरतो, म्हणून ते खऱ्या दातासारखं दिसतं. पण जुन्या कॅप कापून काढल्यावर उजव्या दाताचा खुंट, म्हणजे कॅपखाली उरलेला दात, ठीकठाक निघाला, डाव्याचा मात्र काळपट. त्याचं रूट कॅनाल झालेलं, शिवाय आत धातूची पोस्ट, म्हणजे आधाराची काडी. अशा खुंटावर पातळ ई-मॅक्स घातलं की काळेपणा डोकावतो. जास्त अपारदर्शक घेतलं, तर ज्या दिसण्यासाठी ते घ्यायचं तेच जातं. एकावर ई-मॅक्स, शेजारी झिर्कोनिया (तेही सिरॅमिकच, पण जास्त मजबूत), हेही डॉक्टरांनी नको म्हटलं. दोघांवर उजेड वेगवेगळा पडतो आणि पुढच्या जोडीत तो फरक लगेच कळतो.

म्हणून दोन्हींवर झिर्कोनिया. मागची बाजू, जिथे खालचे दात घासतात, ती नुसत्या झिर्कोनियाची. दर्शनी बाजूला लॅबने सिरॅमिकचे थर चढवलेत. थर टवका जाऊन उडू शकतो, म्हणून तो फक्त समोर. झिर्कोनिया १००० मेगापास्कलच्या वर आणि ई-मॅक्स साधारण ४००, हे ताकदीचे आकडे फार ऐकवले जातात. पुढच्या दाताला ४०० सहसा पुरतात हो! शिवाय जास्त पारदर्शक झिर्कोनियाची ताकद कमी असते आणि काळा खुंटही त्याने नीट झाकत नाही. तेव्हा कोणतं झिर्कोनिया, हे विचाराच.

शेड, म्हणजे कॅपच्या रंगाची छटा, ठरवताना घाई होऊ देऊ नका. काम सुरू होण्याआधी, दात ओले असताना, खिडकीच्या उजेडात पाहायची. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडून पांढरे भासतात. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर तेही आधीच, कारण कॅपचा रंग नंतर बदलत नाही. माझी शेड हिरडीलगत ए३, खाली कडेकडे त्याहून उजळ ए२ अशी ठरली. बिस्क ट्रायलला, म्हणजे चकाकी देण्याआधी, कॅप बसवून आरशासमोर 'फोन', 'वाफ' म्हणून पाहिलं. कड किंचित लांब होती, ओठाला अडत होती, ती तिथेच कमी झाली.

आता वापराचं. ब्रश करताना हिरडीतून यायचं ते रक्त थांबलंय. जुन्या कॅपची कड जाड होती, तिथे अन्न साचायचं. चहाचा डाग कॅपवर टिकत नाही, शेजारच्या खऱ्या दातांवर मात्र बसतो, त्यामुळे साफसफाई त्यांच्यासाठी. घरातल्या दिव्यात कॅप ओळखू येत नाहीत. भर उन्हात डावी थोडी दुधाळ वाटते, पण ते मलाच दिसतं.

एक मात्र झालं नाही. डाव्या दाताच्या वरची हिरडी अजून जराशी सावळी आहे. मुळाचाच रंग काळपट झालाय आणि पातळ हिरडीतून तो दिसतो. वर कुठलीही कॅप घातली तरी तो जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऊस, कणीस दाढेनेच. रात्री दात खाण्याची सवय असल्याने नाईट गार्ड, म्हणजे दातांवरचं संरक्षक कवच, लावते. लॅबचं वॉरंटी कार्ड फाईलला लावलंय, त्यातली बारीक अक्षरं अजून वाचायचीत.