गुलाबाची जेली: पेरूवर की चायना ग्रासवर?

फुलांत जेली धरण्याइतकं पेक्टिन (फळांतला, जेली घट्ट करणारा पदार्थ) नसतं, त्यामुळे आधार दुसऱ्याचा घ्यावाच लागतो. इंदूरला आमच्या गच्चीवरच्या देशी गुलाबाची जेली मी दोन्ही प्रकारे करते. (हारांची फुलं मुळीच नको, त्यांवर औषध मारलेलं असतं. पाकळीचं पांढरं टोकही कापून टाका, ते कडवट लागतं.)

अर्धकच्चे पेरू चिरून, उकळून, कापडातून नुसतं गळू दिलेलं पाणी म्हणजे घरचं पेक्टिन. पिळायचं नाही, जेली गढूळ होते. त्यात पाकळ्या पाण्यात झाकून मुरवलेलं गुलाबपाणी, लिंबू आणि जवळजवळ तेवढीच साखर घालून साधारण १०५ अंशांपर्यंत आटवायचं. थंड बशीवरच्या थेंबाला बोट लावल्यावर सुरकुती पडली की झाली. पोळीला लावायला हीच खरी! निर्जंतुक बरणीत महिनोन्‌महिने टिकते. पण एवढ्या उकळीत गुलाबाचा वास बराच उडतो, आणि त्याची मला दरवेळी हळहळ वाटते.

चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर) अर्धा लिटरला ५ ग्रॅम पुरतं. थोड्या पाण्यात ते पूर्ण विरघळवायचं, गॅस बंद करून कोमट गुलाबपाणी आणि शेवटी लिंबू. साखर आवडीपुरती. सुगंध जसाच्या तसा राहतो, शिवाय मे महिन्यातही ताटलीत वितळत नाही. मात्र पोळीवर पसरत नाही आणि फ्रिजमध्ये चार दिवसांत पाणी सोडते.

पाहुणे येणार असतील तर मी चायना ग्रासच काढते. बरणी भरायची असेल तर पेरू, आणि वासासाठी उतरवताना मूठभर ताज्या पाकळ्या.