ऑफिसच्या फोनवर नंबर दिसत नाही: ईपीएबीएक्स दुरुस्त करावा की आयपीवर जावं?

फोनवर समोरच्याचा नंबर दिसेनासा झाला की व्हेंडर दोनच रस्ते दाखवतो. एक, आहे तो ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइनी आतल्या फोनांना जोडणारा ऑफिसातला एक्सचेंजचा डबा, नीट करून चालवा. दुसरा, तो काढा आणि आयपी पीबीएक्स (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारा एक्सचेंज) बसवून सिप ट्रंक (नेटवरून येणारी फोनची लाइन) घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या ऑफिसात मी दोन्ही वापरलेत, त्या आधारावर लिहितो.

आपल्या सोलापुरात नंबर दिसण्याला जरा जास्त किंमत आहे. 08472 दिसलं की कलबुर्गी, 08352 म्हणजे विजयपूर, तिथे कन्नडमधून सुरुवात केलेली बरी. 040 आलं तर हैदराबाद, मग तेलुगू. आता बहुतेक जण मोबाईलवरूनच बोलतात, तरी पार्टीचं नाव सेव्ह असेल तर भाषा फोन उचलायच्या आधीच ठरते. ऑर्डर घेणाऱ्या माणसाला याचा किती आधार असतो ते पेठेतल्या कुणालाही विचारा.

आधी ईपीएबीएक्सची बाजू, कारण त्याला उगाच मोडीत काढतात. आपल्याकडे नंबर दोन तऱ्हांनी येतो. डीटीएमएफमध्ये तो पहिल्या रिंगच्या आधी टोनमधून येतो, तर एफएसकेमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या जागेत. एक्सचेंजमध्ये बाहेरची लाइन जिथे लागते त्या ट्रंक पोर्टला यातलं काय ऐकायचं ते प्रोग्रामिंगमध्ये सांगावं लागतं. तांब्याची लाइन जाऊन फायबर आला की फोनची वायर ओएनटीच्या, म्हणजे फायबर येऊन लागतो त्या यंत्राच्या, पोर्टमधून निघते, आणि नंबर कसा पाठवायचा ते तो ओएनटी ठरवतो. आमच्याकडे फायबर जोडला आणि सगळ्या लाइनींवरचे नंबर एकदम गेले. ट्रंक कार्ड बदलायचं कोटेशनसुद्धा आलं होतं. सेटिंग डीटीएमएफवरून एफएसकेवर नेलं, कार्डाला हातही लावावा लागला नाही.

ऑटो अटेंडंट, म्हणजे फोन आपोआप उचलून रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवणारी सोय, असेल तर आणखी एक बघा. तो पहिल्याच रिंगला फोन उचलत असेल तर एफएसकेचा नंबर यायच्या आतच लाइन उचललेली असते. दोन रिंगनंतर उचलायला लावा. आणि कुणाला बोलावण्याआधी डिस्प्लेवाला साधा फोन थेट लाइनीला जोडून बघा. तिथे नंबर दिसला तर दोष आपल्या डब्यात आहे. तिथेही नाही दिसला तर डबा उघडूच नका, लाइनवाल्यांकडे तक्रार टाका.

एवढ्यावर भागत असेल तर जुनी सिस्टिम बदलायचं कारण मला तरी दिसत नाही. आमचं भागलं नाही ते ट्रान्सफरमुळे.

ऑपरेटर बाई फोन घेतात, नंबर त्यांना दिसतो. त्या होल्डवर टाकून आत मालकांना विचारतात, ‘अमुक पार्टी आहे, देऊ का?’ आणि मग जोडून देतात. मालकांच्या फोनवर मात्र पूर्ण वेळ ऑपरेटरचं एक्स्टेंशन, दोन आकडी. नंतर परत फोन करायचा म्हटलं तर यादीत तेच दोन आकडे. बाई जेवायला गेलेल्या असल्या की सगळं ऑफिस एका नंबरासाठी खोळंबलेलं! याला व्हेंडरचाही फार इलाज नाही. साध्या ॲनालॉग फोनला नंबर रिंगच्या वेळी एकदाच पोचतो, आणि त्या वेळी फोन करणारी ऑपरेटरच असते. मागून बाहेरची लाइन जोडली तरी उचललेल्या फोनचा डिस्प्ले बदलत नाही. न विचारता थेट ट्रान्सफर केलं तर काही एक्सचेंज बाहेरचा नंबर पुढे पाठवतात, पण न विचारता फोन दिलेला आमच्या मालकांना चालत नाही. कुठल्या मालकाला चालतो? एक्सचेंजच्या कंपनीचे डिजिटल की-फोन घेतले तर हा त्रास सहसा राहत नाही, मात्र ते त्याच कंपनीचे घ्यावे लागतात आणि प्रत्येक टेबलावर परवडत नाहीत.

आयपीवर हे सुटतं. तिथे बोलणं चालू असतानाही नंबराची माहिती फोनला नव्याने जाते, त्यामुळे जोडून दिल्याबरोबर मालकांच्या डिस्प्लेवर पार्टीचं नाव येतं. मात्र पीबीएक्स आणि फोन दोन्हीकडे ही सोय चालू करून घ्यावी लागते.

आयपीची स्वतःची डोकेदुखी आहेच. नंबर +91 लावून येतो, आपल्या यादीत तो शून्य लावून असतो, मग नाव जुळत नाही. शेवटच्या दहा आकड्यांवर जुळवायला सांगितलं की बहुतेक वेळा मिटतं. कधी सगळे कॉल एकाच नंबरावरून आल्यासारखे दिसतात. तेव्हा पीबीएक्स नंबर कुठल्या हेडरमधून (कॉलसोबत येणाऱ्या माहितीच्या रकान्यातून) उचलतोय ते तपासायला लावा, फ्रॉममध्ये एक आणि पी-ॲसर्टेड-आयडेंटिटीमध्ये दुसरा असू शकतो. राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे सिपच्या कॉलच्या माहितीत मधेच फेरफार करणारी सोय, बंद केलेलं बरं. आणि वीज गेली की राउटर, स्विच, फोन सगळं बसतं, म्हणून यूपीएसचा खर्च त्यातच धरा. तांब्याच्या लाइनीवर ही भानगड कमी होती. फायबरवर गेलेल्यांना तसाही फरक नाही, ओएनटीलाही वीज लागतेच.

बाहेर जाणाऱ्या कॉलचं थोडक्यात. जुन्यात जी लाइन मोकळी तिचा नंबर पार्टीला दिसतो, त्यामुळे एकाच ऑफिसचे चार नंबर लोक सेव्ह करून बसतात. सिपवर सगळ्यांचा एकच 0217चा नंबर दाखवता येतो.

तीन-चार टेबलं असतील आणि फोन उचलतो तोच बोलतो असं असेल, तर सेटिंग सुधारून जुनंच चालवा, पैसे कशाला घालायचे. मधे ऑपरेटर असेल तर मी आयपीकडे झुकेन, तुमचं गणित वेगळं असू शकतं. कोटेशनवर सही करण्याआधी व्हेंडरच्या डेमोत आपल्या मोबाईलवरून फोन लावा, त्याच्या माणसाला तो घ्यायला सांगा, दुसऱ्या टेबलावर विचारून ट्रान्सफर करायला लावा आणि त्या टेबलावरचा डिस्प्ले स्वतः बघा.